कॉलेज बेसबॉलची रेटिंग सूत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान अमेरिकेतल्या एनसीएए (कॉलेज खेळांची राष्ट्रीय संघटना) डिव्हिजन वन, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीच्या, बेसबॉलबद्दल आहे. आरपीआय, आयएसआर, एलो ही नावं कानावरून गेली असतील, पण आतली आकडेमोड कशी चालते ते नीट कळलं नसेल, तर इथे ती उदाहरणांसह मांडली आहे. सरासरी आणि टक्केवारी काढता येत असली की पुरे.

गुणतक्ता असताना सूत्र हवंच कशाला?

आयपीएलमध्ये दहा संघ असतात आणि प्रत्येक संघ बाकीच्या सगळ्यांशी निदान एकदा खेळतो. तिथे गुणतक्त्यावर विश्वास ठेवता येतो. डिव्हिजन वन बेसबॉलमध्ये संघ ३०० च्या आसपास आहेत आणि नियमित हंगामात एका संघाला जास्तीत जास्त ५६ सामने खेळता येतात. त्यातही शुक्रवार-शनिवार-रविवार एकाच संघाशी तीन सामन्यांची मालिका असते. त्यामुळे वेगवेगळे प्रतिस्पर्धी मोजले तर पंचवीस-तीसच भरतात. उरलेल्या पावणेतीनशे संघांशी कधी गाठच पडत नाही.

आता एक संघ दुबळ्या कॉन्फरन्समध्ये (कॉलेजांच्या ठरलेल्या गटात) ४०–१६, म्हणजे ४० विजय आणि १६ पराभव, असा आहे आणि दुसरा एसईसीसारख्या कडव्या कॉन्फरन्समध्ये ३३–२३. कोण सरस? गुणतक्ता याचं उत्तर देऊ शकत नाही, कारण दोघांनी सोडवलेले पेपरच वेगळे आहेत. कुठलंही रेटिंग सूत्र म्हणजे पेपर किती अवघड होता याचा हिशेब धरून गुण देण्याची पद्धत. सूत्रासूत्रांमधले बहुतेक वाद याच हिशेबावरून होतात.

या क्रमवारीवर नेमकं काय अवलंबून असतं?

मे अखेरीला ६४ संघांची राष्ट्रीय स्पर्धा जाहीर होते. १९९९ पासून संघांची संख्या हीच आहे. तिसाच्या आसपास जागा कॉन्फरन्स विजेत्यांना आपोआप मिळतात, उरलेल्या सिलेक्शन कमिटी भरते. २०१८ पासून पहिल्या १६ संघांना राष्ट्रीय सीड (मानांकन) मिळतं. सीड मिळालेल्या संघाला साधारणपणे पहिली फेरी, म्हणजे चार संघांची रीजनल, आपल्याच मैदानावर खेळायला मिळते. पुढे तीन सामन्यांची सुपर रीजनल आणि त्यातून आठ संघ नेब्रास्कातल्या ओमाहाला कॉलेज वर्ल्ड सिरीजसाठी. म्हणजे क्रमवारीत सोळावा की सतरावा यावर आपलं मैदान, आपले प्रेक्षक आणि तिकिटांचं उत्पन्न ठरतं. आणि चाळिसाव्या-पन्नासाव्या क्रमांकाच्या आगेमागे असलेल्या संघाचा हंगाम चालू राहणार की संपणार, हेच ठरतं.

आरपीआय कसा काढतात?

आरपीआय म्हणजे रेटिंग पर्सेंटेज इंडेक्स, सिलेक्शन कमिटी पाहते ते सूत्र. तीन आकडे घ्यायचे:

१. संघाचं स्वतःचं विजयप्रमाण: वजन २५ टक्के
२. त्याच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयप्रमाणांची सरासरी: वजन ५० टक्के
३. प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांच्या विजयप्रमाणांची सरासरी: वजन २५ टक्के

तिन्हींची वजनी बेरीज म्हणजे आरपीआय. फक्त डिव्हिजन वन संघांमधले सामने धरायचे. खालच्या डिव्हिजनच्या संघाला हरवलं तर ते हिशेबात येतच नाही.

दुसऱ्या आकड्यात सगळ्यांची गफलत होते. सगळ्या प्रतिस्पर्ध्यांचे विजय आणि पराभव एकत्र करून एकच टक्केवारी काढायची नाही. प्रत्येक सामन्यामागे त्या प्रतिस्पर्ध्याचं विजयप्रमाण लिहायचं आणि मग सगळ्या सामन्यांची सरासरी घ्यायची. तीन वेळा खेळलेला प्रतिस्पर्धी यादीत तीन वेळा येतो.

प्रतिस्पर्ध्याच्या टक्केवारीतून आपले सामने वगळायचे म्हणजे काय?

समजा प्रतिस्पर्धी २०–१० आहे आणि त्या दहांतले तीन पराभव आपणच केले आहेत. आपल्या हिशेबापुरता तो २०–७, म्हणजे ०.६६७ ऐवजी ०.७४१. असं केलं नाही तर त्याला हरवून आपणच त्याचा आकडा खाली आणू आणि हरवल्याची शिक्षा आपल्याला मिळेल. स्प्रेडशीटवर काढलेला आरपीआय छापलेल्या आकड्याशी जुळत नसेल तर आधी ही पायरी तपासा. बहुतेक वेळा चूक इथेच सापडते.

१.३ आणि ०.७ ही वजनं कुठून आली?

फेब्रुवारीच्या मध्यात हंगाम सुरू होतो तेव्हा मिशिगन-मिनेसोटाकडे मैदानं बर्फाखाली असतात. उत्तरेतले संघ पहिले कित्येक आठवडे दक्षिणेत जाऊन दुसऱ्यांच्या मैदानावर खेळतात आणि दक्षिणेतले घरबसल्या विजय गोळा करतात. म्हणून २०१३ पासून बेसबॉलच्या आरपीआयमध्ये बाहेरचा विजय १.३ आणि घरचा विजय ०.७ धरतात. पराभवात उलट: घरचा १.३, बाहेरचा ०.७. तटस्थ मैदानावर दोन्ही १. ही वजनं फक्त पहिल्या आकड्याला, म्हणजे स्वतःच्या विजयप्रमाणाला लागतात. प्रतिस्पर्ध्यांच्या आकड्यांना लावायची नाहीत.

परिणाम किती होतो ते पाहा. दोन संघ, दोघेही ३०–१५. पहिला घरी २०–५, बाहेर १०–१०. त्याचे वजनी विजय १४ + १३ = २७, वजनी पराभव ६.५ + ७ = १३.५. प्रमाण ०.६६७. दुसरा घरी ८–४, बाहेर २२–११. विजय ५.६ + २८.६ = ३४.२, पराभव ५.२ + ७.७ = १२.९. प्रमाण ०.७२६. अंतिम आरपीआयमध्ये याचा एक चतुर्थांश, म्हणजे सुमारे ०.०१५ चा फरक पडतो. क्रमवारीच्या मधल्या पट्ट्यात संघ दाटीवाटीने उभे असतात. तिथे एवढ्या फरकाने बरेच क्रमांक वरखाली होतात.

या वजनांत एक गृहीतक दडलेलं आहे. यजमान ६५ टक्के सामने जिंकत असेल तरच हिशेब बरोबर फिटतो: ०.६५ × ०.७ आणि ०.३५ × १.३, दोन्ही ०.४५५. पण तुल्यबळ संघांमध्ये घरच्या मैदानाचा फायदा इतका मोठा नसतो. मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली व्यावसायिक बेसबॉल लीग) यजमान ५४ टक्क्यांच्या आसपास जिंकतात. कॉलेजमध्ये यजमानांचे विजय जास्त दिसतात, कारण बलाढ्य संघ दुबळ्यांना आपल्या घरी बोलावतात. म्हणजे त्यातला काही भाग मैदानाचा नसून ताकदीचा असतो. आमच्या मते १.३ आणि ०.७ बाहेर खेळणाऱ्याला गरजेपेक्षा जास्त देतात. हेतू योग्य आहे, आकडा ताणलेला आहे.

आमचा संघ जिंकला तरी आरपीआय खाली कसा गेला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, म्हणून पूर्ण आकडेमोड देतो. संघ ३०–१५ आहे (सोपं जावं म्हणून हे सगळे सामने वजन १ चे धरू). प्रतिस्पर्ध्यांची सरासरी ०.५६०, त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची ०.५३०. आरपीआय:

०.२५ × ०.६६६७ + ०.५० × ०.५६० + ०.२५ × ०.५३० = ०.५७९२

मंगळवारी घरच्या मैदानावर एका दुबळ्या संघाला हरवलं. त्याचं विजयप्रमाण ०.२००, त्याच्या प्रतिस्पर्ध्यांचं ०.४८०.

स्वतःचं प्रमाण: ३०.७ ÷ ४५.७ = ०.६७१८
प्रतिस्पर्ध्यांचं: (४५ × ०.५६० + ०.२००) ÷ ४६ = ०.५५२२
तिसरा आकडा: (४५ × ०.५३० + ०.४८०) ÷ ४६ = ०.५२८९

नवा आरपीआय ०.५७६३. विजयाने पहिला आकडा अर्ध्या टक्क्याने चढला आणि त्याचं वजन २५ टक्के. दुसरा आकडा पाऊण टक्क्याहून जास्त घसरला आणि त्याचं वजन ५० टक्के. तो सामना पावसाने वाहून गेला असता तर संघ वरच राहिला असता. हरला असता तर मात्र याहून कितीतरी खाली गेला असता. म्हणजे अशा सामन्यातून मिळवायचं काहीच नसतं.

मग संघ असे सामने खेळतातच कशाला?

खेळाडूंना सराव हवा असतो, शेजारच्या कॉलेजशी जुने संबंध असतात, करार आधीच झालेले असतात. पण मे महिन्यात सीड किंवा जागा टांगणीला लागली की मंगळवारचे सामने रद्द होताना दिसतात, आणि कारण बहुतेकदा वर केलेली वजाबाकीच असते. लहान कॉलेजला मात्र मोठ्या संघाशी खेळायची वर्षातली एकुलती संधी गमवावी लागते. खेळाडूंना मैदानापासून दूर ठेवायला लावणारं सूत्र खेळाच्या भल्याचं नाही, असं आम्हाला मनापासून वाटतं.

दुसरी युक्ती वेळापत्रक आखतानाच वापरतात. आरपीआयला प्रतिस्पर्ध्याची ताकद दिसत नाही, फक्त त्याचे विजय-पराभव दिसतात. तेव्हा दुबळ्या कॉन्फरन्समधला, पण तिथे भरपूर जिंकणारा संघ निवडायचा. तो ३८–१८ करणार, आपल्याकडून हरणार आणि आपला दुसरा आकडा फुगवणार. कडव्या कॉन्फरन्समधला २६–३० चा संघ प्रत्यक्षात त्याच्यापेक्षा सरस असू शकतो. तरी आरपीआयच्या हिशेबात तो नुकसानीचा सौदा ठरतो.

तिसरा आकडा ही चूक दुरुस्त करत नाही का?

थोडीशी करतो, पण दुसऱ्या आकड्यापेक्षा आणखी एकच पाऊल मागे जाऊन थांबतो. कल्पना करा की काही संघ फक्त आपापसातच खेळतात. त्यांच्यातल्या प्रत्येक सामन्यात एक विजय आणि एक पराभव होतो, त्यामुळे गटाची सरासरी ०.५०० च राहणार, मग ते देशातले सर्वोत्तम संघ असोत की सर्वांत कच्चे. प्रत्यक्षात कुठलाही गट इतका बंदिस्त नसतो, पण पश्चिम किनाऱ्यावरचे संघ अंतरामुळे बरेच सामने एकमेकांशीच खेळतात. त्यांची ताकद आरपीआयमध्ये दबून जाते ही जुनी तक्रार आहे आणि सूत्राची घडण पाहता ती रास्त आहे.

आयएसआर म्हणजे काय? तो वेगळं काय करतो?

आयएसआर म्हणजे इटरेटिव्ह स्ट्रेंग्थ रेटिंग्ज. कॉलेज बेसबॉलसाठीच बनवलेली ही पद्धत हातानेसुद्धा करता येते.

१. सगळ्या संघांना १०० गुण द्या.
२. प्रत्येक सामन्यासाठी विजेत्याच्या नावावर प्रतिस्पर्ध्याचं रेटिंग अधिक २५ लिहा. पराभूताच्या नावावर प्रतिस्पर्ध्याचं रेटिंग उणे २५.
३. प्रत्येक संघाच्या सगळ्या सामन्यांची सरासरी काढा. हे नवं रेटिंग.
४. नव्या रेटिंगवरून पुन्हा तेच करा. लागोपाठ दोन फेऱ्यांत आकडे बदलले नाहीत की थांबा.

तीन संघ घेऊ. अ ने ब ला हरवलं, ब ने क ला, अ ने क ला. पहिल्या फेरीनंतर अ १२५, ब १००, क ७५. दुसऱ्या फेरीत अ ला ब कडून १०० + २५ आणि क कडून ७५ + २५ मिळतात, सरासरी ११२.५. क जातो ८७.५ वर. तिसरीत अ ११८.७५, चौथीत ११५.६३. असा दोन्ही बाजूंनी आवळत आवळत अ ११६.६७ वर येऊन थांबतो, ब १०० वर आणि क ८३.३३ वर.

आरपीआय दोन पावलं मागे जाऊन थांबतो. इथे माहिती जाळ्यातून शेवटपर्यंत वाहत राहते: प्रतिस्पर्ध्याचे प्रतिस्पर्धी, त्यांचे प्रतिस्पर्धी, असं सगळं. दुबळ्या कॉन्फरन्समध्ये ३८–१८ करणाऱ्याचं रेटिंग त्याच्या दुबळ्या प्रतिस्पर्ध्यांमुळे आपोआप खाली येतं. ज्यांना बीजगणिताची आवड आहे त्यांच्यासाठी: स्थिरावलेले आकडे म्हणजे प्रत्येक सामन्याचा निकाल +२५ किंवा −२५ धरून काढलेलं किमान वर्गाचं उत्तर. धावांचा फरक वापरणाऱ्या मॅसी पद्धतीत २५ च्या जागी तो फरक येतो, बाकी समीकरणं तीच.

आयएसआरमधल्या फरकाचा अर्थ काय लावायचा?

दोन संघांमधला फरक ५० ने भागा आणि ०.५ मध्ये मिळवा. ५ गुणांचा फरक म्हणजे तटस्थ मैदानावर वरच्या संघाला ६० टक्के संधी, १० गुणांचा म्हणजे ७० टक्के. २५ च्या पुढे हा हिशेब १०० टक्क्यांबाहेर जातो. तिथे तो वापरू नका.

मूळ पद्धतीत मैदानाचा फायदा धरलेला नाही. धरायचा असेल तर यजमानाच्या नोंदीतून ठरावीक गुण वजा करा आणि पाहुण्याच्या नोंदीत तेवढेच मिळवा. किती? फक्त कॉन्फरन्समधले सामने घ्या, कारण तिथे घर आणि बाहेर जवळपास समान वाटलेलं असतं. त्यात यजमान ५६ टक्के जिंकत असतील तर (०.५६ − ०.५०) × ५० = ३ गुण.

फेऱ्या थांबतच नाहीत, आकडे झोके घेत राहतात. असं का?

तुमच्या यादीतले संघ दोन गटांत असे विभागले गेले असतील की सामने फक्त या गटाचे त्या गटाशीच झाले, तर सरासरी एकदा इकडे, एकदा तिकडे झुलत राहते. हंगामाच्या पहिल्या आठवड्यात किंवा छोटा नमुना घेऊन करताना हे हमखास घडतं. उपाय सोपा आहे: नवं रेटिंग जसंच्या तसं न घेता जुन्या आणि नव्याची सरासरी घ्या. उत्तर तेच येतं, झोके थांबतात.

झोके नाहीत, पण काही संघ भलतेच वर दिसतात, तर जाळं तुटलेलं आहे. एखादा गट बाकीच्यांशी एकाही सामन्याने जोडलेला नसेल तर त्याच्या १०० चा आणि इतरांच्या १०० चा काहीच संबंध नसतो. मार्चच्या मध्यापर्यंत बिगर-कॉन्फरन्स सामने इतके होतात की जाळं घट्ट विणलं जातं. त्याआधीची क्रमवारी छापू नये.

धावांचा फरक धरला तर जास्त अचूक होत नाही का?

अंदाजासाठी होतो. आधीच्या धावांवरून पुढचे विजय जास्त नीट सांगता येतात. बेसबॉलच्या आकडेवारीचा अभ्यासक बिल जेम्स याचं पायथागोरस सूत्र इथे कामी येतं: केलेल्या धावांचा घात भागिले केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या घातांची बेरीज. घातांक मुळात २ होता. कॉलेजमध्ये धावा जास्त होतात, म्हणून घातांक सामन्यातल्या एकूण धावांवरून काढा: दोन्ही संघांच्या मिळून सरासरी धावांचा ०.२८७ वा घात.

एक संघ ३०–२६ आहे. त्याने ४२० धावा केल्या, ३३० दिल्या. सामन्यामागे एकूण १३.४ धावा, घातांक २.११. अपेक्षित विजयप्रमाण ०.६२४, म्हणजे ५६ मध्ये ३५ विजय. पाच विजय कमी पडले. असा संघ बहुधा एका-दोन धावांनी बरेच सामने हरलेला असतो आणि पुढच्या टप्प्यात तो आपल्या नोंदीपेक्षा बरा खेळण्याची शक्यता जास्त.

पण कच्च्या फरकावर विसंबू नका. नवव्या डावाच्या अर्ध्यावर यजमान पुढे असेल तर तो बॅटिंगला येतच नाही आणि शेवटच्या डावात विजयी धाव झाली की खेळ तिथेच संपतो. पाठलाग करून जिंकणाऱ्या क्रिकेट संघाच्या धावा जशा लक्ष्यापाशी अडतात, तसंच हे. शिवाय नियमित हंगामात सात डावांनंतर दहा धावांची आघाडी असेल तर सामना आटोपता घेतात. आणि ११–१ च्या सामन्यात शेवटचे तीन डाव सहाव्या-सातव्या पसंतीचे पिचर टाकत असतात, त्या धावांवरून संघाची ताकद कळत नाही. म्हणून फरकाला मर्यादा घाला, किंवा सहा धावांच्या पुढच्या प्रत्येक धावेचं वजन कमी करत न्या. मैदानाचीही दखल घ्या. न्यू मेक्सिकोतलं अल्बुकर्की समुद्रसपाटीपासून सुमारे १,६०० मीटरवर आहे. विरळ हवेत चेंडू लांब जातो आणि दोन्ही संघांच्या धावा फुगतात.

आणि जागा वाटायच्या असतील तेव्हा धावा बाजूला ठेवा. तिथे कोण चांगला दिसतो यापेक्षा कोणी सामने जिंकले हे महत्त्वाचं. शिवाय फरकाला बक्षीस ठेवलं तर दुबळ्या संघाची धुलाई करणं हे प्रशिक्षकाचं काम होऊन बसेल.

एलो, ब्रॅडली-टेरी आणि कोली यांत काय फरक?

एलो बुद्धिबळातून आलं. नागपूर-पुण्यातल्या स्पर्धा खेळणाऱ्या शाळकरी मुलांनाही ते पाठ असतं. प्रत्येक सामन्यानंतर अपेक्षेच्या तुलनेत निकाल किती वेगळा लागला तेवढे गुण वरखाली होतात. अडचण अशी की एलो मागे वळून पाहत नाही. फेब्रुवारीत ज्याला हरवलं तो मेपर्यंत देशात पहिला ठरला, तरी त्या विजयाचे गुण वाढत नाहीत. हंगाम शून्यापासून सुरू केला तर ५६ सामन्यांत आकडे पुरेसे पांगतही नाहीत. मागच्या वर्षीचे गुण पुढे आणायचे तर सरासरीकडे बरेच ओढून आणा, कारण चार वर्षांच्या कॉलेजातला खेळाडू तिसऱ्या वर्षानंतर मेजर लीग ड्राफ्टला (व्यावसायिक संघांच्या खेळाडू निवडीला) पात्र होतो आणि कॉलेज बदलण्याची सोय देणाऱ्या ट्रान्सफर पोर्टलमुळे निम्मा संघ बदललेला असू शकतो.

ब्रॅडली-टेरी (१९५२) प्रत्येक संघाला एक धन आकडा देते. ३ आणि १ असे आकडे असतील तर पहिल्याला ७५ टक्के संधी. कॉलेज आइस हॉकीत हीच पद्धत क्रॅच या नावाने चालते. आयएसआरसारखी ती १०० टक्क्यांबाहेर जात नाही, गणिताच्या दृष्टीने ती जास्त स्वच्छ आहे. फक्त एकही सामना न हरलेल्या संघाचं रेटिंग अनंताकडे धावतं. त्यासाठी प्रत्येक संघाच्या नावावर एका काल्पनिक मध्यम संघाशी एक बरोबरीचा सामना टाका.

कोलीत विजयप्रमाणाऐवजी (विजय + १) ÷ (सामने + २) घेऊन त्यावर प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीची दुरुस्ती करतात. १–० संघ १.००० वर न जाता ०.६६७ वर राहतो. हंगामाच्या सुरुवातीला ही सावधगिरी उपयोगी पडते.

शुक्रवारच्या आणि मंगळवारच्या सामन्याला सारखंच वजन का?

आरपीआय, आयएसआर, एलो, सगळी सूत्रं संघाला एकच ताकद आहे असं धरतात. बेसबॉलमध्ये ते खरं नसतं. शुक्रवारी रात्री संघाचा पहिल्या क्रमांकाचा पिचर उतरतो, शनिवारी दुसरा, रविवारी तिसरा. मंगळवारी चौथा, किंवा एकेका डावासाठी पाच-सहा जण. मंगळवारी शेजारच्या लहान कॉलेजकडून हरलेला संघ शुक्रवारी त्याच कॉलेजला सहज गुंडाळू शकतो. राष्ट्रीय स्पर्धेत मात्र वरचे तीन पिचरच बहुतेक सामने ठरवतात.

अंदाजासाठी सूत्र लिहीत असाल तर मंगळवार-बुधवारच्या सामन्यांना कमी वजन देऊन पाहा. ०.५ पासून सुरुवात करा आणि खाली दिलेल्या पद्धतीने तपासा. जागावाटपासाठी असं करू नये. मंगळवारी हरला तो हरलाच.

पंधरावा संघ पंचविसाव्यापेक्षा खरंच सरस असतो का?

बहुतेक वेळा छातीठोकपणे सांगता येत नाही. खरी ताकद ०.६०० असलेला संघ ५६ सामन्यांत सरासरी ३३.६ जिंकेल, पण निव्वळ योगायोगाने यात ३.७ विजयांचं प्रमाण विचलन (सरासरीपासून नेहमी पडणारं अंतर) असतं. दर तीनांतल्या दोन हंगामांत तो ३० ते ३७ च्या दरम्यान कुठेही असेल. आयएसआरमध्ये हेच २५ ÷ √५६, म्हणजे सुमारे ३.३ गुण. दोन संघांच्या फरकात ते ४.७ होतं. म्हणून दोन गुणांनी पुढे असलेल्या संघाला सरस म्हणणं धाडसाचं आहे. क्रमांकाशेजारी रेटिंगचा आकडाही छापा. सातव्या आणि आठव्यात खिंड आहे की नुसती फट, ते वाचणाऱ्याला दिसू द्या.

कमिटी सूत्र डोळे झाकून पाळते का?

नाही. आरपीआय तिच्या टेबलावर असतो, पण पहिल्या २५ आणि ५० संघांविरुद्धची कामगिरी, बाहेरच्या मैदानावरची नोंद, कॉन्फरन्समधलं स्थान हेही पाहिलं जातं. गोम अशी आहे की ‘पहिले ५०’ कोण हे आरपीआयवरूनच ठरतं. सूत्राचा कल मागच्या दाराने पुन्हा आत येतो. पुरुषांच्या बास्केटबॉलमध्ये एनसीएएने २०१८-१९ च्या हंगामापासून आरपीआय सोडून नेट ही पद्धत आणली. बेसबॉलमध्ये तसा बदल २०२५ च्या हंगामापर्यंत झालेला नव्हता.

आत येण्याची रेषा किती बारीक असते याचं उदाहरण २०२२ चं. ३२–२२ असलेला ओल मिस संघ जेमतेम शेवटच्या जागेवर आत आला, स्पर्धेत ११ पैकी १० सामने जिंकला आणि विजेता ठरला. २००८ मध्ये फ्रेस्नो स्टेट आपल्या चार संघांच्या रीजनलमध्ये चौथ्या, म्हणजे शेवटच्या सीडवर होता. तोही ओमाहात जिंकला. उलट बाजूने पाहिलं तर १९९९ च्या मायामीनंतर थेट २०२४ मध्ये टेनेसीने पहिल्या राष्ट्रीय सीडवरून विजेतेपद मिळवलं.

माझं सूत्र चांगलं आहे हे कसं तपासू?

ज्या सामन्यांवरून रेटिंग काढलं त्यांवरच ते तपासू नका, ते चांगलंच दिसणार. एप्रिल अखेरपर्यंतचे सामने घेऊन रेटिंग काढा आणि मे महिन्यातल्या प्रत्येक सामन्याला विजयाची टक्केवारी द्या. मग प्रत्येक सामन्यासाठी (दिलेली शक्यता − निकाल) चा वर्ग काढा, निकाल १ किंवा ०. सरासरी जितकी लहान तितकं चांगलं. सगळीकडे ५० टक्के म्हटलं तर ०.२५ येतं. त्याहून जास्त आलं तर सूत्र नुकसानच करतंय. नुसतं विजयप्रमाण वापरून आलेल्या आकड्याशीही तुलना करा. त्याला मागे टाकता येत नसेल तर गुंतागुंत वाढवू नका. एकाच वर्षावर समाधान मानू नका, निदान चार-पाच हंगाम घ्या. २०२० चा हंगाम कोविडमुळे अर्धवट रद्द झाला, तो वगळा.

निकाल गोळा करताना कुठे चुका होतात?

नावांत. मायामी दोन आहेत, एक फ्लोरिडातलं आणि एक ओहायोतलं, आणि दोन्ही डिव्हिजन वनमध्ये आहेत. यूएससी म्हणजे सदर्न कॅलिफोर्नियाही आणि साऊथ कॅरोलायनाही. नावं थेट वापरू नका, प्रत्येक संघाला एक क्रमांक द्या आणि नावांचे सगळे पर्याय त्या क्रमांकाशी बांधा.

एकच सामना दोन्ही संघांच्या यादीतून दोनदा आत येतो. तारीख, दोन्ही क्रमांक आणि धावसंख्या जुळली तर एक काढून टाका. पण एकाच दिवशी दोन सामने होतात हे विसरू नका, नाहीतर दुसरा खरा सामना पुसला जाईल. त्यासाठी दिवसातला पहिला की दुसरा, असा वेगळा रकाना ठेवा.

शेवटी बॅटिंग केली तो यजमान, हेही नेहमी खरं नसतं. पावसामुळे सामना पाहुण्यांच्या मैदानावर हलवला तरी कागदावर यजमान तोच राहू शकतो. मैदानाचं नाव पाहून ठरवा. एसईसीची स्पर्धा अलाबामातल्या हूव्हरला होते, ते सामने तटस्थ.

अर्धवट थांबलेला आणि दुसऱ्या दिवशी पूर्ण झालेला सामना एकच मोजा. सरावाचे सामने आणि खालच्या डिव्हिजनचे प्रतिस्पर्धी आधीच गाळा. परतीच्या प्रवासासाठी वेळेची मर्यादा ठरलेली असते, त्यामुळे क्वचित एखादा सामना बरोबरीत सुटतो. तो अर्धा विजय, अर्धा पराभव. आयएसआरमध्ये त्याच्यासाठी प्रतिस्पर्ध्याचं रेटिंग लिहायचं, २५ मिळवायचेही नाहीत आणि वजाही करायचे नाहीत.